मणाला किती शेर

जगात जे काही म्हणून आहे, सजीव असो की निर्जीव, सोयरा असो की परका, त्याला दोनच गुण असतात, एक वजन आणि दुसरा जोर, बाकी सगळा पाल्हाळ. असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब बघा, तो नेमका माझा मामेसासरा निघाला. आमच्या सातारा जिल्ह्यात पेन्शनवर आलेला लष्करी माणूस ही काही नवलाई नाही. डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो एखाद्या सुभेदाराच्या नाहीतर हवालदाराच्या अंगणात पडायचा. पण ती सगळी मंडळी पायदळातली. कुणी बंदुकीच्या गोष्टी सांगायचं, कुणी बर्फाच्या. मामा होते विमानदलात, इंजिन फिटर. लढाऊ विमानाचं इंजिन उघडायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा बंद करायचं, हे काम वीस वर्षं करून ते कृष्णाकाठच्या आपल्या गावी परत आले. येताना इतर लोक पदकं आणतात, जाड घोंगड्या आणतात, रमची बाटली आणतात. मामांनी फक्त एक भागाकार आणला.

तो भागाकार असा. विमानाचं इंजिन मागं गरम हवा फेकतं आणि त्या रेट्यानं विमान पुढं जातं. "फुगा फुगवून त्वांड सोडलं की कसा पळतोय? तसंच. फकस्त ह्यो फुगा लोखंडाचा," असं ते सांगायचे. या रेट्याला साहेब लोक थ्रस्ट म्हणतात आणि पौंडात मोजतात. मामा त्याला जोर म्हणायचे. पण नुसता जोर सांगून भागत नाही, तो जोर किती वजनाला पुरवायचाय ते बघावं लागतं. म्हणून जोराला वजनानं भागायचं. हे पौंडात सांगून गावात कुणाच्या गळी उतरेना, तेव्हा मामांनी त्याला देशी रूप दिलं: एक मण, म्हणजे चाळीस शेर, वजनाला किती शेर जोर. व्हॅम्पायर विमान, मणाला अकरा शेर. तुफानी, पंधरा. हंटर, बावीस. इथवर विमानं झाली. पुढं तोच काटा गावाला लागला. आमच्याकडची एसटी, मणाला दोन शेर, त्यातला एक ड्रायव्हरच्या शिव्यांचा. सरपंच, मणाला पाव शेर, तोही निवडणुकीच्या साली. आणि आमच्या मामी, मणाला साठ शेर. चाळीसच्या वर आकडा गेला की त्या यंत्राला धावपट्टीच लागत नाही, ते जागच्या जागी उभं आभाळात जातं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं आणि हळूच स्वयंपाकघराकडं बोट केलं. "ऐकू येतंय मला," मामी आतून म्हणाल्या. तोवर सरकारनं किलो आणले होते, पण मामांचे शेर काही हलले नाहीत.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वाद देण्याआधी त्यांनी मला विचारलं, "वजन किती तुमचं?" मी तेव्हा साताऱ्याच्या कचेरीत नुकताच चिकटलेला, अंगानं काटकुळा. म्हटलं, एकशे दहा पौंड. "आणि काम?" कारकून, म्हटलं. "कुणाच्या वशिल्यानं लागला?" मी खरं ते सांगितलं, चुलत्यांच्या. मामांनी क्षणभर डोळे मिटले आणि निकाल दिला, "ग्लायडर." मला वाटलं, गौरव केला. नंतर कळलं की ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसऱ्यानं दोरीला बांधून वर न्यायचं, मग दोरी सुटली की ते तरंगत तरंगत खाली येतं. त्या दिवसापासून मी त्या घरात ग्लायडर झालो तो झालोच. माझ्या बायकोनं हा शब्द इतक्या आवडीनं उचलला की विचारू नका.

मामांच्या स्वयंपाकघराची भिंत बघायला परगावचे पाहुणे यायचे. त्या भिंतीवर खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या त्या भांड्याची आकृती गेरूनं काढलेली होती. झाऱ्याची झाऱ्यासारखी, उलथन्याची उलथन्यासारखी, सांडशीची दोन पाय फाकलेली. विमानाच्या इंजिनात चुकून एखादा पाना राहिला तर सगळं इंजिन फुटतं, म्हणून काम संपलं की प्रत्येक हत्यार आपल्या आकृतीवर परत गेलं पाहिजे, एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान जागचं हलवायचं नाही, असा तिकडचा दंडक. तो मामांनी भाकरीला लावला. भिंत भरल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत. एकदा घरी दहा-बारा पाहुणे जेवायला बसलेले असताना सांडशी सापडेना. कालवण निवलं, भाकऱ्या वातड झाल्या, पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. मामी वैतागून म्हणाल्या, "आवं, मी काय भाकरीच्या प्वाटात सांडशी घालून थापलीया व्हय?" मामा शांतपणे म्हणाले, "आमच्या विमानदलात एकजण असाच म्हणाला हुता." सांडशी शेवटी शेजारच्या घरी निघाली. त्यानंतर शेजारणीनं त्या घरातून मीठसुद्धा उसनं मागितलं नाही.

दुसरी खोड खड्यांची. जेट इंजिन पुढून हवा ओढतं आणि हवेबरोबर खडासुद्धा आत घेतं. एक बारका खडा इंजिनाचं वाटोळं करतो आणि कधी कधी आत बसलेल्या वैमानिकाचंही. म्हणून विमानतळावर रोज सकाळी माणसं रांगेनं मान खाली घालून चालतात आणि खडे वेचतात. मामांनी ते वीस वर्षं केलं आणि गावी येऊनही सोडलं नाही. सकाळी दारापासून एसटीच्या थांब्यापर्यंत ते खाली बघत चालायचे आणि दिसेल तो खडा खिशात टाकायचे. खिसे फाटून फाटून शेवटी मामींनी किंतानाचे, म्हणजे गोणपाटाचे, खिसे शिवले. परसात एवढा ढीग साठला की त्यावर गोठ्याचा पाया भरून निघाला. गावात पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटायचं, या गृहस्थांचं काहीतरी मौल्यवान हरवलंय. तो बिचारा थांबून शोधायला लागायचा आणि मामा त्याला रांगेत घ्यायचे.

पण म्हणून त्यांना वेडा म्हणायची सोय नव्हती, कारण भागाकार खरा निघायचा. शेजारच्या तात्यांना ऊस ओढायला बैलजोडी घ्यायची होती. तात्यांचा डोळा हत्तीसारख्या एका जोडीवर. मामांनी त्यांना ओढून आटपाडीच्या बाजारात नेलं आणि तिथली हलकी, उंच पायांची खिलार जोडी घ्यायला लावली. गाव हसलं. म्हणाले, तात्यानं दुष्काळातली बोकडं आणली. पुढं हंगामात नदीच्या उतारावर चिखल झाला आणि हत्तीसारख्या जोड्या गाडीसकट गुडघ्याएवढ्या रुतल्या, तेव्हा ही बोकडं भरली गाडी घेऊन वर चढली. मामा काठावर उभे होते. कुणी काही म्हणायच्या आत म्हणाले, "मोठं अंग आधी सोताचं वजन वढतंय, मग गाडी. भागून बघा की." त्यानंतर गावात म्हैस घेतानासुद्धा लोक मामांना घेऊन जायला लागले.

एवढ्या न्यायी माणसाचा एकच पक्षपात होता, हंटर. शेवटची चार-पाच वर्षं त्यांनी हंटरच्या इंजिनावर काम केलं होतं आणि त्यांच्या उजव्या दंडावर भाजल्याचा लांब डाग होता, तो दाखवताना त्यांचा आवाज बदलायचा. पुण्याकडून एखादं विमान साताऱ्यावरून गेलं की मामा हातातला घास तसाच धरून ऐकायचे आणि आवाजावरून सांगायचे, हंटर. विमानदलात तेव्हा नॅट नावाचं एक बारकं विमान आलेलं होतं. त्याचं नाव काढलं की मामांच्या कपाळाला आठी. "इंग्रजीत नॅट म्हंजे चिलट. हंटरचा जोर धा हजार पौंड. ह्येचा साडेचार. दोन चिलटं एकत्र बांधली तरी एक हंटर हुत न्हाई." आता ज्या माणसानं बैलांना भागलं, सरपंचाला भागलं, स्वतःच्या बायकोला भागलं, तो इथं आल्यावर नुसते जोर समोरासमोर ठेवून भागाकाराआधीच का थांबतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. ग्लायडरच तो.

मामांना एकच मुलगी, कुसुम. मॅट्रिक झालेली, हुशार, बापाचा भागाकार पाढ्यासारखा पाठ. तिच्यासाठी स्थळ बघायचं चाललं होतं आणि माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा धाकटा भाऊ विमानदलात कॉर्पोरल होता, तोही इंजिन फिटर. मला वाटलं, दुधात साखर पडली. मुलगा आटपाडीचा, पाण्याची बोंब असलेल्या मुलखातला. कृष्णाकाठची उसातली पोर तिकडं द्यायची म्हटल्यावर भावकीनं नाकं मुरडली, विहिरीला पाणी किती हातांवर लागतं ते विचारलं. मामांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी पत्र वाचलं, एका ओळीवर थांबले आणि चष्मा काढला. "नॅटवर हाय," ते म्हणाले. मग त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते माझ्या हातात परत ठेवलं.

कुसुमनं तोवर फोटो बघितला होता. माझ्या बायकोकडं तिनं दोन वेळा तो फोटो मागून घेतला आणि एकदा परत द्यायला विसरली. मला परसात गाठून म्हणाली, "दाजी, मला हितंच करायचंय. आबा न्हाई म्हणतील. तुमी कायतरी बघा." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या जोरावर भरवसा ठेवत होतं. मी फुशारलो. बघायला तेवढं येऊ द्या, एवढं मामींकरवी मामांकडून कबूल करून घेतलं. मुलाकडची मंडळी यायच्या आदल्या दिवशी मी त्या कॉर्पोरलला साताऱ्याच्या स्टँडवर गाठलं, चहा पाजला आणि पढवून ठेवलं. "हे बघा, ते काहीही विचारू देत. हंटर भारी म्हणायचं. नॅटची बाजू अजिबात घ्यायची नाही." तो म्हणाला, "पण साहेब, तसं न्हाई ते." मी म्हटलं, तुम्हाला लग्न करायचंय का वाद घालायचाय? त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. मुलगा अंगणात शिरला, चप्पल काढता काढता वाकला, पायाखालचा एक खडा उचलला आणि सहज खिशात टाकला. त्याला स्वतःलाही ते कळलं नसावं. ओसरीवर उभ्या मामांना मात्र कळलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मामींनी आतून पाहून पोह्यावर खोबरं वाढवलं. मुलाला त्यांनी स्वतःच्या शेजारी बसवलं. मुलगी दाखवायची बाजूलाच राहिली, दोघांचं तेल, धूर, पाने असलं काहीबाही सुरू झालं. मी मनात म्हटलं, फत्ते. तेवढ्यात मामांनी विचारलं, "मग पावणं, हंटर चांगलं का तुमचं नॅट?"

मुलानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तो खाली बघत म्हणाला, "हंटरच चांगलं, मामा. त्येच्यापुढं नॅट म्हंजे खेळणं."

मामांनी कप बशीत ठेवला. बशी लांब सरकवली. मग म्हणाले, "पोहं खाऊन घ्या. जमायचं न्हाई आपलं." मुलाचा भाऊ गडबडला, मी गडबडलो. मामा आवाज न चढवता म्हणाले, "ज्याच्यावर भाकरी खातोय त्या इंजिनाला दुसऱ्याच्या दारात खेळणं म्हंतोय. उद्या माझी पोरगी त्येच्या घरात आसंल. ती शेजारी न्हाई हे बघून तिला काय म्हणंल ह्यो?" मुलाचे कान लाल झाले. पोहे कुणी खाल्ले नाहीत. मंडळी एसटीला गेली आणि मी आपला गोठ्याच्या पायाचे खडे मोजत परसात उभा राहिलो.

कुसुम तिथंच आली. डोळे कोरडे होते, तेच मला जास्त लागलं. "दाजी, हे बोलणं त्येचं का तुमचं?" मी काय सांगणार? गेलो होतो गणपती करायला आणि झालं माकड. सगळं कबूल केलं. ती तशीच वळली. आत गेली, चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि त्या आकृत्यांच्या भिंतीवर, उलथन्याच्या खाली, गणित मांडलं. हंटर, जोर दहा हजार, वजन साडेसतरा हजार. मणाला बावीस शेर. नॅट, जोर साडेचार हजार, वजन साडेसहा हजार. मणाला सत्तावीस शेर. मग बाजूला होऊन उभी राहिली.

जेवायची वेळ झाली. मामा नेहमीप्रमाणं भिंत तपासायला आले. झारा बघितला, सांडशी बघितली, उलथनं बघितलं आणि तिथंच थांबले.

"आबा, समद्याला भागता तुमी," कुसुम म्हणाली. "आटपाडीच्या बैलाला भागलं. तात्यांना वढून नेऊन घ्यायला लावलं. मग आटपाडीच्या माणसालाच का न्हाई भागलं?"

"नॅटचं वजन साडेसात धर," मामा म्हणाले.

तिनं साडेसात धरलं. चोवीस शेर आले. "आता हंटरचं पण वाढवू का?" तिनं विचारलं. मामांनी उलथनं उगाच खिळ्यावर सरळ केलं. मामी चुलीपुढून म्हणाल्या, "मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे काय आज ठावं झालं व्हय तुमास्नी? ताटं वाढू का भागाकार वाढू?" तेव्हा मला राहवलं नाही आणि मुलाला मीच पढवलं होतं हे सांगून टाकलं. मामांनी माझ्याकडं नीट बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आवं जावईबापू, ग्लायडरच्या मागं दोरी बांधून कुणी उडतंय व्हय? बोलवा त्येला परत. एकट्याला. आणि तुमी लांब बसा."

मुलाची रजा संपायला चार दिवस राहिले होते. तो आला तो ताठच आला आणि बसायच्या आधी म्हणाला, "मामा, त्या दिवशी खोटं बोललो. नॅटच चांगलं." मग जे सुरू झालं ते दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चाललं. चढायला कोण चपळ, वळायला कोण चपळ, तेल कुणाला किती लागतं, लांबवर कोण जातं. मुलगा तसूभर हटत नव्हता आणि मामा त्याच्यावर खेकसत होते, पण खेकसताना दर वेळी थोडे जवळ सरकत होते. शेवटी मामांनी बाही वर करून हंटरचा डाग दाखवला. "ह्या इंजिनात माझा हात दंडापत्तुर जातोय. तुमच्यात काय जातंय?" मुलगा म्हणाला, "हात न्हाई जात, मामा. जागाच न्हाई. बोटं तेवढी जात्यात," आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. एकाही बोटाचं पेर धड नव्हतं, सगळी सालटलेली. मामांनी ते हात हातात घेतले आणि उलटे-सुलटे करून कितीतरी वेळ बघितले. मामींनी दारातून विचारलं, "आवं पर लग्नाचं काय?" मामा म्हणाले, "ते कवाच ठरलं की."

लग्न झालं. कुसुमला एसटीत बसवून आम्ही घरी आलो, तेव्हा मामा भिंतीकडं न बघताच पानावर बसले. ते त्या घरात पहिल्यांदा घडत होतं. मामींनी तसंच वाढलं. थोड्या वेळानं मामा मला म्हणाले, "वजन कमी झालं की यंत्र हलकं उचलतंय, आसं गणित हाय. घरातलं एक माणूस कमी झालं. मग हे एवढं जड कशापायी लागतंय?" मी भाकरी मोडत राहिलो. ते कोळशाचं गणित मात्र मामींनी पुसलं नाही, पुढच्या दिवाळीला चुना दिला तोसुद्धा त्याच्या कडेकडेनं.

मग पासष्ट सालची लढाई आली. कुसुम पंजाबात, जावई तिथल्याच तळावर नॅटच्या तुकडीत. रेडिओवर नॅटचं नाव यायला लागलं आणि गावातल्या पारावर लोक नॅटचं कौतुक करायला लागले. मी एका रविवारी गेलो तेव्हा वाटलं, मामा पारावर बसून छाती काढून गणित सांगत असतील. ते घरात नव्हते. मामी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आठ दिस झालं, सकाळधरनं खडं येचत्यात. गल्लीत आता खडा ऱ्हायला न्हाई, तर म्होरं सडकंला गेल्यात. तुमी तरी सांगा." पोरीचं पत्र आलेलं नव्हतं. ते पुढं पंधरा दिवसांनी आलं, सगळे सुखरूप होते. पण त्या दिवशी ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामा मला ओढ्याकडच्या सडकेवर सापडले. मान खाली, किंतानाचे खिसे जड होऊन लोंबत होते. मला बघून त्यांनी हात गुडघ्यापाशी धरला. "आपलं नॅट लय खाली असतंय, जावईबापू. हंटरचं त्वांड वर असतंय, त्येची येवढी काळजी न्हाई. आपल्याचं हे हितं. खडा आत जायाला येळ लागत न्हाई." नॅटला ते पहिल्यांदाच आपलं म्हणत होते. साताऱ्याच्या सडकेवरचा खडा पंजाबातल्या विमानात कसा जाईल, हे मी विचारणार होतो. शेर आणि मण त्यांनी मला शिकवले होते, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. मी पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी वाकलो. संध्याकाळची एसटी येईपर्यंत आम्ही दोघांनी ओढ्यापर्यंतची सडक साफ केली.